वाटी सरकते, दोष ओळंब्यात असतो

लॅब्रॅडॉर धावता धावता मागचा एक पाय उचलतो, दोन-चार पावले तीन पायांवर उड्या मारतो आणि पुन्हा काही घडलेच नाही असा पळू लागतो. घरच्यांना ती लकब वाटते. पुष्कळदा ते गुडघ्याच्या वाटीचे दुखणे असते.

मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाशी एक पन्हळ असते. वाटी तिच्यातून वरखाली सरकते. वाटीला वरून मांडीचा स्नायू ओढतो, खालून एक चिवट बंध तिला नडगीशी जोडतो. ही सारी एका ओळंब्यात असली, की गुडघा सुरळीत चालतो. हाड वाकडे, नडगी पिळलेली किंवा पन्हळ उथळ असली, तर ओढ तिरपी होते आणि वाटी आत किंवा बाहेर निसटते.

विकार लहान जातींत अधिक दिसतो. पण मोठ्या कुत्र्याच्या गुडघ्यावर भार जास्त असतो. वाटी वारंवार निसटल्याने कूर्चा झिजते, सांधा दुखू लागतो. कधी गुडघ्यातला अस्थिबंधही तुटतो.

पटनम आणि सिंगलटन यांच्या १९६८-६९च्या कामातून आलेल्या चार पायऱ्या पशुवैद्य आजही वापरतात. पहिलीत वाटी हाताने ढकलल्यावर सरकते आणि आपोआप परतते. दुसरीत ती अधूनमधून स्वतःच निसटते. तिसरीत बहुतेक वेळ बाहेरच असते, मात्र हाताने बसवता येते. चौथीत बसतच नाही. पहिलीला सहसा देखरेख पुरते. लंगडणे सुरू झाले, की शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. तीत पन्हळ खोल करतात, नडगीवरचा बंधाचा उंचवटा कापून सरळ रेषेत बसवतात. मोठ्या जातींत काही वेळा मांडीचे वाकडे हाडही कापून सरळ करावे लागते. ओळंबा न सुधारता नुसती पन्हळ खोल केली, तर वाटी पुन्हा निसटण्याचा धोका राहतो.

घरी करण्यासारखे सर्वांत मोठे काम म्हणजे वजन आटोक्यात ठेवणे. अमेरिकेत ४८ लॅब्रॅडॉरवर जन्मभर झालेला अभ्यास २००२मध्ये प्रसिद्ध झाला. जोडीदारापेक्षा २५ टक्के कमी खाणारी कुत्री सुमारे पावणेदोन वर्षे अधिक जगली. त्यांना सांधेदुखीही उशिरा झाली. गुळगुळीत फरशीवर सतरंजी अंथरावी. मोठ्या जातीच्या पिल्लाला संतुलित खाण्यावर वरून कॅल्शियम पाजू नये. जादा कॅल्शियमने हाडांची वाढ बिघडते. आपली आयबुप्रोफेनची गोळी तर कधीच देऊ नये, ती कुत्र्याला विषारी ठरते.

आणि ज्याची वाटी निसटते, त्याची पिल्ले घेऊ नयेत. या वाकडेपणात आनुवंशिकतेचा वाटा असतो.