दुकानातल्या कॉम्प्युटरवर फिरणारे थ्रीडी आकार : शोभा की काम?

जव्हार-मोखाड्यात झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान टाकायचा विचार करताय? मग स्क्रीनसेव्हरबद्दल दोन गोष्टी आधी समजून घ्या. विषय छोटा वाटतो, पण गिऱ्हाईकाचा विश्वास यात अडकलाय.

विंडोज एक्सपीवरचा 'थ्रीडी फ्लॉवर बॉक्स' आठवतोय? रंगीत ठोकळा फुगायचा, फुलासारखा उमलायचा, परत ठोकळा. बघतच बसावं! त्या काळच्या जाड काचेच्या मॉनिटरवर एकच चित्र खूप वेळ राहिलं की त्याचा डाग कायमचा उमटायचा, म्हणून हलतं चित्र लावत. आताच्या एलसीडीला तो धोका फारसा नाही. उलट थ्रीडी आकार काढायला कॉम्प्युटर राबतो आणि स्क्रीनही चालूच राहते. पावसात लाईट गेली, दुकान इन्व्हर्टरवर आलं की हा खर्च बॅटरीतून. वीज वाचवायची तर सरळ स्क्रीन बंद होऊ द्या.

मग स्क्रीनसेव्हर ठेवायचा कशाला? कुलूप म्हणून! तुमच्या स्क्रीनवर कुणाचं आधार, कुणाचा जातीचा दाखला, कुणाचं पासबुक उघडं असतं. तुम्ही प्रिंटरमध्ये कागद भरायला उठलात की काउंटरवरचा दुसरा माणूस सगळं वाचू शकतो. विंडोज 10 किंवा 11 मध्ये सेटिंग्ज, पर्सनलायझेशन, लॉक स्क्रीन आणि तिथे खाली स्क्रीन सेव्हर. 'वेट'मध्ये 2 मिनिटं टाका आणि 'ऑन रिझ्यूम, डिस्प्ले लॉगऑन स्क्रीन' यावर टिक करा. ही टिक राहिली तर माउस हलवला की सगळं परत उघडं! अकाउंटला पासवर्ड तर हवाच. आणि उठताना 2 मिनिटांची वाट कशाला बघायची, विंडोज बटण आणि एल एकत्र दाबा.

शोभाही हवी असेल तर 'थ्रीडी टेक्स्ट' निवडून दुकानाचं नाव फिरतं ठेवा. वारली चित्रं विकत असाल तर 'फोटोज' घ्या आणि आपल्याच चित्रांचं फोल्डर जोडा. फुकटात जाहिरात.

पण 'फ्री थ्रीडी स्क्रीनसेव्हर' म्हणून कुठूनही डाउनलोड करू नका. शेवटी एससीआर असलेली फाइल म्हणजे चित्र नाही, चालणारा प्रोग्राम असतो. त्यातून व्हायरस येऊ शकतो. चुकून उघडली असेल तर आधी नेट तोडा, अँटिव्हायरसने पूर्ण स्कॅन करा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या मोबाइलवरून बदला. त्या कॉम्प्युटरवरून नको.