चौथ्या गड्याची शर्यत

घरातील एका खोलीत सायकल उभी आहे. तिचे मागचे चाक काढून ठेवले आहे आणि त्या जागी एक जड यंत्र जोडले आहे. समोर पडदा, बाजूला पंखा, हॅण्डलवर टॉवेल आणि स्वाराच्या कानाला बोलण्याऐकण्याचे साधन. स्वार घामाने निथळत पेडल मारतो आहे. पण सायकल जागची तसूभरही हलत नाही. दारातून डोकावणाऱ्या घरच्या माणसाला हा सारा खटाटोप घाण्याच्या बैलाच्या फेऱ्यांसारखा वाटला, तर त्यात नवल नाही. परंतु त्याच घटकेस आणखी पाच गावांत, कदाचित पाच निरनिराळ्या देशांत, आणखी पाच स्वार आपापल्या खोल्यांत असाच घाम गाळीत असतात. आणि पडद्यावर ते सहाही जण एकामागे एक, एका ओळीत, एकाच रस्त्याने भरधाव चाललेले असतात. या खेळाला आभासी सांघिक कालशर्यत असे म्हणता येईल. त्याची तयारी कशी करावी लागते हे समजून घेतले, म्हणजे खोलीतल्या त्या एकाकी धडपडीचा अर्थ उलगडू लागतो.

कालशर्यतीत प्रतिस्पर्धी समोर नसतो, घड्याळ असते. सांघिक कालशर्यतीत एकेक संघ ठराविक अंतराने सुटतो, आणि सर्वांत कमी वेळात अंतर कापणारा संघ विजयी ठरतो. हा प्रकार नवा नाही. १९६० ते १९९२ या काळात ऑलिम्पिक क्रीडांमध्ये चार स्वारांच्या संघांची १०० किलोमीटरची अशी शर्यत होत असे. पुढे संगणकाने रस्ताच घरात आणून दिला. २०१४ साली कॅलिफोर्नियात स्थापन झालेल्या ‘झ्विफ्ट’ या कंपनीने सायकलस्वारांसाठी एक आभासी जग उभे केले, आणि डिसेंबर २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सायकल महासंघाने त्याच जगात आभासी सायकलशर्यतीचे पहिले जागतिक अजिंक्यपद भरविले. ते अजिंक्यपद वैयक्तिक होते. पण हौशी खेळाडूंना विशेष लळा लागला तो सांघिक कालशर्यतीचा.

या शर्यतीचा एक नियम तिचा प्राण आहे. संघाचा वेळ पहिल्या गड्यावरून मोजला जात नाही. ऑलिम्पिक शर्यतीत तो तिसऱ्या स्वाराने रेषा ओलांडल्यावर धरीत. आभासी शर्यतीचा रूढ नियम असा की, संघात आठपर्यंत गडी असावेत, आणि त्यांतील चौथा गडी रेषेवर पोहोचेल तो संघाचा वेळ समजावा. म्हणजे संघातील सर्वांत बलाढ्य गडी अर्धा मिनिट आधी पोहोचला, तरी त्याच्या त्या पराक्रमाची किंमत शून्य. आपल्याकडे जमीन खोल नांगरायची झाली, की सहा-आठ बैलांचा मोठा नांगर जुंपीत. त्यात एखादा बैल कितीही ताकदवान असला, तरी नांगर साऱ्यांच्या मिळून एका चालीने चाले. ज्याने एकट्याने ओढ घेतली, त्याने जू मोडण्याचीच भीती. सांघिक कालशर्यतीची सारी तयारी ही अशा एका चालीची तयारी असते.

ती समजण्यासाठी वाऱ्याचा हिशेब ध्यानात घ्यावयास हवा. सपाट रस्त्यावर ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाणाऱ्या स्वाराची बहुतेक शक्ती हवा कापण्यात खर्च होते. आणि हा खर्च वेगाच्या पटीने वाढत नाही, तर वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. ताशी चाळीसचा वेग बेचाळीस केला, तर वाढ अवघी पाच टक्क्यांची दिसते. पण हवेसाठी लागणारी शक्ती सुमारे सोळा टक्क्यांनी वाढते. पुढच्याच्या पाठीशी राहणाऱ्यास मात्र वाऱ्याचा आडोसा मिळतो. पुढील स्वारास ३०० वॅट शक्ती लावावी लागत असेल, तर मागच्यांचे काम २०० ते २२५ वॅटमध्ये भागू शकते. आभासी जगात वारा नाही. पण संगणक या आडोशाचा हिशेब क्षणोक्षणी मांडतो आणि त्यानुसार पडद्यावरचा वेग ठरवितो. म्हणून स्वार पाळीपाळीने पुढे येतात, वारा अंगावर घेतात आणि मागे जाऊन दम खातात. आता संघातील बलवान गडी आपल्या पाळीस उत्साहाच्या भरात वेग वाढवू लागला, तर काय होते पाहा. त्याच्या पायांत ते सोळा टक्के असतात. पण नुकतीच पाळी संपवून शेवटी गेलेल्या दुबळ्या गड्याच्या पायांत ते नसतात. ओळ तुटते, आडोसा सुटतो, आणि एकदा सुटलेला गडी एकट्याने वारा कापीत पुन्हा संघास गाठील हे बहुधा अशक्यच. तात्पर्य, बलवानाने आपल्या पाळीस अधिक वेळ पुढे राहावे, अधिक वेगाने जाऊ नये. या शास्त्रातील पहिला धडा हाच, आणि अनुभवी खेळाडूदेखील तो ऐन शर्यतीत विसरतात.

पाळ्यांची आखणी करण्यापूर्वी प्रत्येकाची शक्ती मोजावी लागते. रूढ पद्धत अशी की, स्वाराने वीस मिनिटे आपल्या सर्व सामर्थ्यानिशी पेडल मारावे, त्या वेळच्या सरासरी शक्तीचे पंचाण्णव टक्के घ्यावेत, आणि ती त्याची तासभर टिकणारी शक्ती समजावी. हा आकडा हाती आला, म्हणजे संघनायक कागदावर कोष्टक मांडतो : कोणी नव्वद सेकंद पुढे राहावयाचे, कोणी साठ, कोणी केवळ वीस. वीस सेकंदांच्या पाळीत कमीपणा नसतो. ज्याचा वेळ संघाच्या नावे लिहिला जाणार आहे, त्या गड्यास ताजा ठेवणे हे संघाच्या हिताचेच असते.

येथे प्रामाणिकपणाचा प्रश्न येतो. मागच्या चाकाच्या जागी जोडलेले यंत्र, ज्यास ट्रेनर म्हणतात, ते पेडलवर पडणारी शक्ती मोजते. परंतु स्वाराचे वजन आणि उंची ही त्याने स्वतः सांगितलेलीच धरली जातात. वजन दोन किलो कमी सांगितले, की चढावर पडद्यावरचा स्वार हलका होतो. ट्रेनरचे मोजमापही वेळोवेळी ताडून पाहावे लागते. यंत्र दहा-पंधरा मिनिटे चालवून तापल्यावर ही तपासणी करावी, कारण थंड यंत्र आणि तापलेले यंत्र यांच्या मापांत फरक पडतो. २०१९ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय आभासी शर्यतीतील विजेत्याचे विजेतेपद काढून घेण्यात आले होते. अंतिम शर्यतीत पाय त्याचेच होते. पण त्याने वापरलेली वेगवान आभासी सायकल मिळविण्यासाठी आवश्यक ती चढाई त्याने आधी संगणकाकडूनच करवून घेतली होती. सांघिक शर्यतीत अशा लबाडीचा डाग एकट्यावर पडत नाही, हे वेगळे सांगावयास नको.

कोष्टक झाले, तरी एकत्र तालीम झाल्याशिवाय संघ होत नाही. रस्त्यावर पुढच्याचे खांदे दिसतात, त्याच्या श्वासाचा आवाज ऐकू येतो, तो दमल्याचे मागच्यास न सांगता कळते. पडद्यावरची आकृती दमलेली दिसत नाही. ती शेवटपर्यंत हसतमुखच असते. त्यामुळे या खेळात जिभेला पायांइतकेच काम असते. पाळी संपत आली, की संघनायक पुढच्याचे नाव घेतो, आणि नाव ऐकल्यावरच पाळी बदलते; खो-खोत खो मिळाल्यावाचून जागेवरून उठावयाचे नसते, तसेच हे. पुढे येणाऱ्याने वेग वाढवू नये. पुढे असलेल्याने मात्र आपली शक्ती उतरवावी, म्हणजे तो आपोआप मागे सरकतो. सर्वांत अवघड क्षण त्यानंतरचा. पाय जोराने चालू लागले, तरी त्याचा परिणाम पडद्यावर दिसण्यास क्षण-दोन क्षण जातात. म्हणून मागे सरकणाऱ्याने ओळीचा शेवट येण्यापूर्वीच जोर लावावयास आरंभ करावा. शेवट आल्यावर लावू म्हणेल, तर ओळ पुढे निघून गेलेली असते. हे कौशल्य सांगून येत नाही. शर्यतीपूर्वी दोन-तीन दिवस सर्वांनी अर्धा तास एकत्र चालवून ते अंगवळणी पाडावे लागते.

मार्गाचाही अभ्यास हवा. झ्विफ्टच्या वाटोपिया नामक काल्पनिक बेटावर ‘टेम्पस फ्युजिट’ नावाचा मार्ग आहे. सुमारे १७ किलोमीटरच्या त्याच्या फेरीत चढ जवळजवळ नाहीच; तेथे आडोशाचा पुरेपूर लाभ होतो आणि धिप्पाड स्वारांचे फावते. उलट, चढाच्या मार्गावर वेग घटतो, आडोसा निरुपयोगी होऊ लागतो, आणि एका किलो वजनामागे किती वॅट हा हिशेब पुढे येतो. तेथे हडकुळ्या गड्याने आवरते घ्यावयाचे असते. चढ कोठे आहे, त्याच्या पायथ्याशी कोण पुढे असावा, माथ्यावर कितीजण जमेपर्यंत थांबावयाचे, हे आधी ठरलेले असावे. चढावर धाप लागलेली असताना खल करण्याइतका श्वास कोणापाशीच नसतो.

राहिली ती खोली. मनुष्याचे शरीर अन्नातून मिळणाऱ्या ऊर्जेपैकी साधारण पाव किंवा त्याहूनही कमी भागच पेडलपर्यंत पोहोचवू शकते; उरलेल्या भागाची उष्णता होते. २५० वॅट शक्ती लावणारा स्वार त्याच्या सुमारे तिप्पट-चौपट उष्णता खोलीत सोडत असतो. रस्त्यावर वारा ती वाहून नेतो. खोलीत वारा नसतो. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळत नाही आणि नागपूरच्या मे महिन्यात खिडकीतून येणारी हवाच तापलेली असते. म्हणून मोठा पंखा ही या खेळात चैन नव्हे. पाणी हाताशी हवे, जेवण दोन-तीन तास आधी झालेले असावे, आणि सुरुवातीस अंग तापविण्याचा सराव करतानाही पंखा चालू असावा. वीज गेली, तर पंखा बंद पडतोच, शिवाय संदेशवहन तुटून स्वार पडद्यावरून नाहीसा होतो आणि संघ एका गड्याला मुकतो. ज्या गावी विजेचा भरवसा नाही, तेथे इन्व्हर्टरची सोय हीसुद्धा शर्यतीची तयारीच ठरते.

उष्णतेचा हा विषय किती गंभीर होऊ शकतो, याचे उदाहरण सांघिक कालशर्यतीच्याच इतिहासात आहे. २६ ऑगस्ट १९६० रोजी रोम येथे ऑलिम्पिकची १०० किलोमीटरची शर्यत भयंकर उन्हात सुरू झाली. डेन्मार्कच्या चौघांपैकी एकास लवकरच उन्हाचा त्रास होऊन शर्यत सोडावी लागली. उरलेल्या तिघांपैकी आता कोणालाही थांबता येईना; कारण तिसरा पोहोचला नाही, तर संघाला वेळच नाही. तशात क्नुड एनेमार्क येन्सन या तेवीस वर्षांच्या स्वाराने घेरी येत असल्याचे सांगितले. सोबत्यांनी दोन्ही बाजूंनी येऊन त्याला सावरले, अंगावर पाणी शिंपडले. तो सावरल्यासारखा वाटला म्हणून आधार काढून घेण्यात आला, आणि तो कोसळला. डोक्यास जबर दुखापत झाली. त्याच दिवशी त्याचे निधन झाले. उन्हाचा दोष किती आणि उत्तेजक द्रव्यांचा किती, यावर पुढे पुष्कळ वाद झाला. तो वाद बाजूस ठेवला, तरी एक गोष्ट उरतेच : ज्या नियमाने संघ बांधला जातो, तोच नियम शेवटच्या गरजू गड्यास थांबण्याची मोकळीक ठेवीत नाही.

खोलीतल्या सायकलीवरून कोणी दगडावर आदळणार नाही हे खरे. पण तेथे धावून येणारा सोबतीही नसतो. पाणी शिंपडावयास शेजारी कोणी नाही आणि डोळ्यांपुढे अंधारी आली हे पडद्यावर दिसत नाही. म्हणून विचारी संघ शर्यतीपूर्वीच काही गोष्टी ठरवितो. चौघांची गरज असली, तरी सहा किंवा अधिक गडी घेऊन सुटावे, म्हणजे एखाद्याने थांबण्याने संघ मोडत नाही. कोणी आरंभीच आपली शक्ती वेचून मागे राहावयाचे असेल, तर ते त्याच्याशी बोलून ठरवावे. ऐन वेळी कोणाचा बळी देऊ नये. घरातील एका माणसास खोलीजवळ राहावयास सांगावे. आणि ‘वेग कमी करा’ असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येक गड्यास असावा, आणि तसे म्हणणाऱ्यास कोणी कारण विचारू नये.

हा शेवटचा संकेत पाळणे सर्वांत कठीण जाते. दुबळा गडी संकोचापोटी बोलत नाही, बलवान गडी ऐकत असूनही दोन क्षण तसाच ओढीत राहतो, आणि तेवढ्यात ओळ तुटते. म्हणून काही संघनायक तालमीतच सर्वांकडून ते शब्द उच्चारून घेतात. अगदी सर्वांत बलाढ्य गड्याकडूनही. एकदा ते शब्द जिभेवर रुळले, की शर्यतीत ते वेळेवर निघतात. मग ओळ क्षणभर मंदावते, मागे पडलेला गडी पुन्हा आडोशास येतो, आणि घड्याळात गेलेले ते दोन-चार सेकंद पुढच्या पाच किलोमीटरांत भरून निघतात.