हप्ता, आकडा आणि कानामागची काडी

सोलापूरच्या नवी पेठेत फिरताना निम्म्या काचांवर एकच शब्द दिसतो: हप्ता. मोबाईल हप्त्यावर, टीव्ही हप्त्यावर, फ्रीज बिनव्याजी हप्त्यावर. मूळ फारसी ‘हफ्ता’, म्हणजे सात दिवस. इथे तो गरीब गाईसारखा महिन्याच्या महिन्याला बँकेतून कापून जातो. हाच शब्द रात्री सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये बसून सकाळी मुंबईला उतरला, की त्याच्या अंगात येतं आणि त्याची खंडणी होते. गोदीच्या आसपास तर विचारूच नका.

आता सोलापूरकराने गोदीवर का बोलावं? आमच्याकडे नळालाच पाणी चार-पाच दिवसांआड, बंदर कुठलं! पण इथला टॉवेल परदेशी जातो तो न्हावा-शेव्याहून जहाजात चढून. शिवाय सकाळी पेठेत टेम्पो लागला की हमाल गठ्ठ्यात जो लोखंडी आकडा रुतवतात, त्याच जातीचा आकडा न्यूयॉर्कच्या धक्क्यावरचा कामगार कमरेला लावून फिरायचा. तिथे तो आकडा हीच कामगाराची ओळख होती.

कानामागची काडी

जगभरच्या बंदरांवर गुंडगिरीची मुळी एकच: आज काम कुणाला द्यायचं, हे ठरवणारं बोट. जहाज कधी येईल याचा नेम नसायचा, म्हणून माणसं रोजंदारीवर. न्यूयॉर्कला रोज सकाळी कामगार फाटकापाशी अर्धगोल करून उभे राहात आणि मुकादम बोट दाखवील तेवढे आत जात. आपल्या मजूर अड्ड्यासारखंच. फरक एवढाच, की काही जणांच्या कानामागे दात कोरायची काडी असायची. अर्थ साधा: मला घ्या, संध्याकाळी मजुरीतला वाटा परत देतो. निविदा, करार, दलाली, सगळं एका काडीत.

बोट मुकादमाचं, मुकादम युनियनचा आणि युनियन टोळीची, अशी ती उतरंड. ब्रुकलिनच्या धक्क्यांवर टोनी अनास्टेसिओ युनियनचा पुढारी आणि त्याचा सख्खा भाऊ अल्बर्ट अनास्टेशिया माफियाचा म्होरक्या. भावाभावांच्या आडनावात इंग्रजीत एका अक्षराचा फरक होता, धंद्यात तेवढाही नव्हता. या अल्बर्टला 1957 साली हॉटेलातल्या न्हाव्याच्या खुर्चीतच गोळ्या घातल्या गेल्या. पीटर पँटो नावाच्या तरुण गोदी कामगाराने 1939 मध्ये या कारभाराविरुद्ध सभा भरवायला सुरुवात केली. त्याच जुलैत तो नाहीसा झाला. दीड वर्षाने मृतदेह सापडला, चुन्याच्या खड्ड्यात.

आणि सरकार? ते तर टोळीच्या दारात गेलं होतं. फेब्रुवारी 1942 मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्याला ‘नॉर्मंडी’ हे प्रचंड जहाज पेटलं. घातपाताच्या भीतीने अमेरिकन नौदलाने बंदराची राखण मागितली ती तुरुंगात बसलेल्या माफिया सरदार लकी लुचियानोकडे. युद्ध संपल्यावर, 1946 मध्ये, त्याची शिक्षा माफ करून त्याला इटलीला रवाना केलं गेलं. माफीवर सही गव्हर्नर थॉमस ड्युई यांची. दहा वर्षांपूर्वी सरकारी वकील म्हणून त्याला आत टाकणारेही ड्युईच!

टोळी आणि टोळी

मराठीत एक शब्द फार इमानदार आहे: टोळी. मुंबईच्या गोदीत जहाज रिकामं करणाऱ्या कामगारांच्या गटाला टोळी म्हणत आणि ती पुरवणारा तो टोळीवाला. बोट त्याचं, मजुरीतली कापणीही त्याची. दरोडेखोरांची तीही टोळीच. इंग्रजीतला ‘गँग’ही दोन्हीकडे चालतो, म्हणजे ही सोय सातासमुद्रापारची.

पण इथून पुढे मुंबईची गोष्ट वेगळी वळते. 1948 मध्ये गोदी कामगारांच्या रोजगार नियमनाचा कायदा झाला आणि 1951 च्या योजनेने मुंबईत डॉक लेबर बोर्ड आलं. कामगारांची नोंदणी, पाळीने काम, काम नसेल त्या दिवशीही थोडाफार भत्ता. न्यूयॉर्कने सकाळच्या त्या अर्धगोलावर बंदी घातली ती 1953 मध्ये, वॉटरफ्रंट कमिशन नेमून. म्हणजे कायद्याच्या बाबतीत आपण पाच वर्षं पुढे. (असं वाक्य लिहायची संधी फारशी येत नाही, म्हणून लिहून घेतलं.)

माझ्या मते म्हणूनच आपल्याकडे चित्र उलटं दिसतं. गुंड गोदीतून निघाले, पण गोदीच्या युनियनी गुंडांच्या ताब्यात गेल्या नाहीत. त्या पी. डिमेलो, जॉर्ज फर्नांडिस, एस. आर. कुलकर्णी यांच्यासारख्यांच्या हाती राहिल्या. सिद्धेश्वरने सीएसएमटीला उतरून पूर्वेच्या दाराने बाहेर पडा. समोरचा रस्ता पी. डिमेलो मार्ग, पूर्वीचा फ्रिअर रोड. इंग्रज गव्हर्नराची पाटी उतरवून तिथे गोदी कामगारांच्या पुढाऱ्याची लागली.

सोन्याचा पाऊस

14 एप्रिल 1944. व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ जहाज फुटलं. पोटात कापूस, स्फोटकं आणि वर सोन्याच्या विटा, असं ते अजब भरताड. शेकडो माणसं गेली, आग विझवायला धावलेले साठाहून अधिक अग्निशामक जवान गेले. देशात अग्निशमन सप्ताह 14 एप्रिलला सुरू होतो, तो यासाठी. सोन्याच्या विटा उडून दूरवर पडल्या. एक तर एका पारशी गृहस्थाच्या घरात जाऊन पडली आणि त्यांनी ती परत केली.

याच 1944 च्या सुमाराला तमिळनाडूतल्या रामनाथपुरम भागातला एक पोरगा गोदीत हमाल म्हणून लागला: मस्तान मिर्झा, पुढचा हाजी मस्तान. सोनं त्याच्याही वाट्याला आलं, आकाशातून नव्हे, समुद्रातून. पांढरे कपडे, मर्सिडीज, तस्करीचं साम्राज्य. 1974 मध्ये सरकारने तस्करांची धरपकड केली, त्यात तोही आत गेला. बाहेर आल्यावर त्याने राजकीय पक्ष काढला. वरदराजन मुदलियार हा दुसरा डॉन व्हीटी स्टेशनवर हमाल होता. मुंबईचे दोन दोन डॉन ओझी वाहून वर आलेले.

‘दीवार’ (1975) मधल्या अमिताभचा 786 चा बिल्ला हा गोदी हमालाचा बिल्ला, हे सगळ्यांना आठवतं. त्यातली गोष्ट सुरू होते ती मात्र एका युनियन पुढाऱ्यापासून. बायकापोरांच्या जिवाची धमकी देऊन त्याच्याकडून मालकांच्या कागदावर सही घेतात आणि पुढचं सगळं रामायण त्या एका सहीचं. आणि अमिताभच्या शर्टाला कमरेशी मारलेली गाठ? ती फॅशन वगैरे काही नव्हती. शर्ट लांब शिवला गेला होता, म्हणून बांधला, असं खुद्द बच्चन सांगतात.

जपानमध्ये तर मामला आणखी सरळ. यामागुची-गुमी ही तिथली सर्वांत मोठी याकुझा टोळी 1915 मध्ये कोबे बंदरात जन्मली, गोदी मजुरांचीच टोळी म्हणून. संस्थापकाचं आडनाव यामागुची. ऑस्ट्रेलियाने 1980 मध्ये जहाजं रंगवणाऱ्या कामगारांच्या युनियनमधली गुंडगिरी तपासायला कॉस्टिगन आयोग नेमला. आयोग धागा ओढत गेला आणि हाती लागले सुटाबुटातले करबुडवे. त्यांच्या युक्तीचं नावच होतं ‘बंदराच्या तळाशी’: कंपनी रिकामी करायची आणि कागदपत्रं जणू समुद्रात सोडून द्यायची.

माथ्यावरचं ओझं

गोदीच्या कायद्याचं धाकटं भावंड म्हणजे 1969 चा माथाडी कायदा. अण्णासाहेब पाटलांनी हमालांना उभं केलं, त्याचं हे फळ. व्यापाऱ्याने मजुरी आणि वर लेव्ही माथाडी मंडळाकडे भरायची, मंडळाने मजुरी कामगाराला द्यायची. मधला हात गळाला. पुढे या नावाची किंमत गुंडांनाही कळली. माथाडीच्या नावाने खंडणी मागितली जाते, अशी ओरड उद्योजक करू लागले आणि 2023 मध्ये सरकारने दुरुस्ती विधेयक आणलं. खऱ्या माथाडींच्या संघटनांनी त्याला कडाडून विरोध केला. मला विचाराल तर खंडणीखोराला धरायला पोलीस पुरेत, त्यासाठी हमालाची पेटी उघडायचं कारण नाही.

बंदरावरच्या त्या बोटाचा खरा शेवट केला एका पेटीने. 26 एप्रिल 1956 रोजी ‘आयडियल एक्स’ जहाज 58 कंटेनर घेऊन न्यूअर्कहून ह्यूस्टनला निघालं. पेटीला सील लागलं आणि धक्क्यावर व्हिस्कीच्या खोक्यांना पाय फुटणं कमी झालं. न्हावा-शेवा 1989 मध्ये सुरू झालं ते मुख्यतः याच पेट्यांसाठी. न्यूयॉर्क आणि शेजारच्या न्यू जर्सीचं सामाईक कमिशन मात्र सत्तर वर्षं टिकलं. न्यू जर्सीने त्यातून अंग काढायचं म्हटलं, तर प्रकरण अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि एप्रिल 2023 मध्ये एकमताने निकाल लागला: खुशाल बाहेर पडा.

न्हावा-शेव्याला आता क्रेनचा चालक उंच केबिनमध्ये बसतो, माल त्याच्या नजरेसही पडत नाही. नवी पेठेत अजून टेम्पो आडवा लागतो, मागचे हॉर्न वाजवतात, हमाल आकडा रुतवतो आणि गठ्ठा पाठीवर घेत ओरडतो, “सरका ओ, सरका!”