कर्सर उघडला, पण बंद कुणी करायचा?

रिंग रोडच्या कापड मार्केटमध्ये गादीवर बसून खरेदी आपण सगळ्यांनीच केली आहे. दुकानदार एकेक ताका उलगडत जातो. पाहून झालेले घडी घालून उचलले नाहीत, तर थोड्या वेळानं नवा ताका उलगडायला गादीवर जागाच उरत नाही.

डेटाबेसमधला कर्सर साधारण असाच. क्वेरीच्या उत्तरातल्या ओळी तो प्रोग्रॅमला क्रमाने देतो आणि बंद करेपर्यंत सर्व्हरची मेमरी अडवून बसतो. ओरॅकलमध्ये एका सेशनने एका वेळी किती कर्सर उघडे ठेवावेत याला मर्यादा असते, मुळात ५०. ती भरली की ओआरए-०१००० ही एरर येते.

इथल्याच एका व्यापाऱ्याच्या बिलिंगमध्ये मी ती ऐन दिवाळी सीझनमध्ये पाहिली. सकाळी सगळं सुरळीत, दुपारी बिलच निघेना. ऑपरेटर प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू करायचा, की गाडी रुळावर. सेशन संपलं की ओरॅकल त्याचे कर्सर आपोआप सोडून देतं ना! आधी कुणीतरी मर्यादा ३०० करून ठेवली. त्यानं एवढंच झालं, की दुपारचं दुखणं संध्याकाळवर गेलं.

उघड्या कर्सरांची यादी ओरॅकल दाखवतं. त्यात एकच क्वेरी पुन्हा पुन्हा दिसत होती. जावाच्या कोडमध्ये बंद करायची ओळ होती, पण अगदी शेवटी. ज्या गिऱ्हाइकाचा जीएसटी नंबर भरलेला नाही, त्याच्या बिलात मधेच एक्सेप्शन यायचं आणि त्या ओळीपर्यंत प्रोग्रॅम पोचायचाच नाही.

इंजिनिअरिंगला असलेल्या मुलामुलींनी आणखी एक पाहावं. जावात नुसता रिझल्टसेट बंद करून ओरॅकलचा कर्सर सुटत नाही, स्टेटमेंटही बंद करावं लागतं. एसक्यूएल सर्व्हरमध्येही दोन पायऱ्या आहेत: क्लोजने ओळी आणि त्यांच्यावरची लॉक सुटतात, डीअ‍ॅलोकेटने कर्सरच जातो.

आम्ही रिझल्टसेट आणि स्टेटमेंट, दोन्ही ट्राय-विथ-रिसोर्सेसमध्ये घातले. जावा ७ पासून, म्हणजे २०११ पासून ही सोय आहे. एक्सेप्शन आलं तरी दोन्ही बंद होतातच. मर्यादा मात्र ३००च ठेवली. मोठ्या प्रोग्रॅमला ५० खरोखरच कमी पडतात.