डेपोनिया (व्हिडिओ गेम)

डेपोनिया हा हाम्बुर्ग येथील डेडॅलिक एंटरटेनमेंट या जर्मन कंपनीने तयार केलेला विनोदी साहसी व्हिडिओ गेम आहे. तो जानेवारी २०१२ मध्ये जर्मनीत प्रकाशित झाला आणि त्याची इंग्रजी आवृत्ती त्याच वर्षी ऑगस्टमध्ये आली. संपूर्णपणे कचऱ्याखाली गाडल्या गेलेल्या एका ग्रहावर राहणारा रुफस नावाचा तरुण तेथून निसटण्यासाठी जे अखंड आणि बहुधा फसणारे प्रयत्न करतो, त्यांची ही कथा आहे. पुढे या खेळाचे आणखी तीन भाग निघाले : केऑस ऑन डेपोनिया (२०१२), गुडबाय डेपोनिया (२०१३) आणि डेपोनिया डूम्सडे (२०१६). या मालिकेचे जनक यान म्युलर-मिखाएलिस हे असून ते ‘पोकी’ या टोपणनावाने ओळखले जातात.

हा खेळ प्रलयोत्तर कथांच्या वर्गात मोडतो, परंतु त्यातील प्रलयाचे स्वरूप नेहमीपेक्षा निराळे आहे. वेस्टलँड (१९८८) किंवा फॉलआउट (१९९७) यांसारख्या खेळांत अणुयुद्धाने जग उद्ध्वस्त झालेले असते. बिनीथ अ स्टील स्काय (१९९४) या प्रसिद्ध ब्रिटिश साहसी खेळातही शहराबाहेरचे जग ओसाड झालेले दिसते. डेपोनियात मात्र कोणी बॉम्ब टाकलेला नाही. वस्तू वापरून टाकून देण्याच्या नित्याच्या व्यवहारातूनच येथे जगाची वाट लागली आहे, आणि खरा विध्वंस तर अजून व्हायचा आहे.

नाव

जर्मन भाषेत ‘डेपोनी’ म्हणजे कचरा टाकण्याची जागा. शब्दाचे मूळ ‘खाली ठेवणे’ या अर्थाच्या लॅटिन क्रियापदात आहे. मुंबई महानगरपालिकेच्या कागदपत्रांत याच अर्थाने ‘क्षेपणभूमी’ हा शब्द येतो आणि लोकांच्या तोंडी ‘डम्पिंग ग्राउंड’ हा शब्द आहे. त्यामुळे खेळाच्या नावाचे मराठी भाषांतर करायचेच झाले, तर ‘क्षेपणभूमी’ला एखाद्या देशाच्या नावासारखा शेवट जोडावा लागेल. जर्मन खेळाडूला हा श्लेष नाव वाचताक्षणी कळतो. इंग्रजी आवृत्तीत नाव तसेच ठेवल्यामुळे तो बहुतेकांच्या लक्षात येत नाही.

वरच्या जगाचे नाव इलिझियम आहे. ग्रीक पुराणकथांत पुण्यवानांना मरणोत्तर मिळणाऱ्या सुखाच्या प्रदेशाला हे नाव होते.

पार्श्वभूमी

पॉइंट अँड क्लिक या प्रकारात खेळाडू माउसने पडद्यावरील वस्तू किंवा व्यक्ती निवडतो. ती पाहतो, उचलतो, तिच्याशी बोलतो किंवा एक वस्तू दुसरीवर वापरून पाहतो. त्यात वेगाला किंवा नेमबाजीला महत्त्व नसते. प्रसंग नीट वाचता येणे महत्त्वाचे असते. लुकासफिल्म गेम्सच्या मॅनिअ‍ॅक मॅन्शन (१९८७) आणि द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड (१९९०) या खेळांनी हा प्रकार लोकप्रिय केला. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्रिमितीय खेळांच्या लाटेत अमेरिकेतील मोठ्या कंपन्यांनी त्याकडे पाठ फिरवली. जर्मनीत मात्र त्याचा वाचकवर्ग (‘वाचक’ हा शब्द येथे अस्थानी वाटू नये, कारण या खेळांत वाचणे आणि ऐकणेच अधिक असते) टिकून राहिला.

डेडॅलिकची स्थापना २००७ मध्ये झाली, ती याच वर्गाच्या भरवशावर. म्युलर-मिखाएलिस हे तिच्या संस्थापकांपैकी एक होत. त्यांचा एडना अँड हार्वी हा पहिला खेळ विद्यार्थिदशेतील प्रकल्पातून वाढला. कंपनीच्या अ न्यू बिगिनिंग (२०१०) या खेळाने हवामानबदलाने उजाड झालेल्या भविष्याचा विषय गंभीरपणे हाताळला होता. पर्यावरणाचा तोच धागा डेपोनियात प्रहसनाच्या रूपाने परत आलेला दिसतो.

कथानक

रुफस कुवाक नावाच्या गावात टोनी या आपल्या पूर्वीच्या प्रेयसीच्या घरात राहतो. तो आळशी, बढाईखोर आणि कमालीचा आत्मकेंद्री आहे. आपण या उकिरड्यासाठी जन्मलेलो नाही, आपली जागा वर आकाशात तरंगणाऱ्या इलिझियममध्ये आहे, याविषयी त्याच्या मनात तिळमात्र शंका नाही. त्यासाठी तो भंगारातून पळून जाण्याची यंत्रे बनवतो आणि ती फसली की गावाचे नुकसान होते. नुकसानभरपाईचा विचार त्याला कधी शिवत नाही.

अशाच एका प्रयत्नात तो ऑर्गनॉन या सशस्त्र दलाच्या जहाजावर जाऊन आदळतो. तेथे त्याला गोल नावाची इलिझियमवासी तरुणी दिसते. (इंग्रजीत ‘गोल’ म्हणजे ध्येय, नायकाने नायिकेकडे कसे पाहावे, हे लेखकाने नावातच सांगून ठेवले आहे.) झटापटीत दोघेही खाली कुवाकमध्ये येऊन पडतात आणि गोल बेशुद्ध होते. तिला शुद्धीवर आणण्यासाठी एक कडक एस्प्रेसो कॉफी करायची, एवढ्या क्षुल्लक उद्दिष्टाभोवती खेळाचा बराच मोठा भाग फिरतो. गोलचा वाग्दत्त वर क्लीटस हा दिसायला हुबेहूब रुफससारखा असल्याने तोतयेगिरीची वाटही मोकळी होते.

विनोदाच्या आड दडलेली मुख्य गोष्ट हळूहळू उघड होते. ऑर्गनॉन हा संपूर्ण ग्रह स्फोटाने नष्ट करणार आहे. इलिझियममधील लोकांची समजूत अशी, की खाली आता कोणीच राहत नाही. ती खरी आहे की खोटी, हे पाहण्याची जबाबदारी ज्यांच्यावर आहे त्यांपैकी क्लीटसला सत्य लपवण्यातच स्वारस्य आहे. खाली गावे आहेत, नगरपालिका आहे, भांडणारे शेजारी आहेत, लग्ने मोडलेली माणसे आहेत. पण वरच्या कागदावर ती नाहीत. रुफसची अडचण यातूनच निर्माण होते. ज्या जागेतून त्याला पळायचे आहे, तिच्यात माणसे आहेत याचा त्याच्याएवढा भक्कम पुरावा दुसऱ्या कोणाजवळ नाही.

दुसऱ्या भागात गोलच्या मेंदूशी जोडलेल्या यंत्रात बिघाड होऊन तिचे व्यक्तिमत्त्व तीन तुकड्यांत विभागले जाते आणि रुफसला त्या तिघींची स्वतंत्रपणे समजूत काढावी लागते. तिसऱ्या भागाचा शेवट दुःखद आहे. तोपर्यंत केवळ स्वतःपुरता जगलेला रुफस इतरांच्या सुटकेसाठी स्वतः मागे राहतो.

खेळाचे स्वरूप

पडद्यावरील चित्रे हाताने रेखाटलेली, द्विमितीय आणि व्यंगचित्रांच्या वळणाची आहेत. माउसचे चाक फिरवले की रुफसची पोतडी उघडते. तीत जमवलेल्या वस्तू एकमेकींशी जोडून पाहता येतात. एखादी कळ दाबून धरल्यास पडद्यावरील वापरण्याजोग्या जागा दिसतात, त्यामुळे जुन्या खेळांतील ‘एकेक बिंदू चाचपत बसण्याचा’ त्रास वाचतो. मध्येमध्ये येणारी यांत्रिक कोडी नको असल्यास वगळता येतात. रुफस मरत नाही आणि खेळ कधी अडकून पडत नाही. मंकी आयलंडने घालून दिलेला हा संकेत येथे पाळला आहे. प्रकरणांच्या दरम्यान एक गायक येऊन कथेवर तिरकस गाणे म्हणतो. ही योजना आपल्याकडच्या सूत्रधाराची किंवा शाहिराची आठवण करून देणारी आहे. मूळ जर्मन आवृत्तीत रुफसला मोंटी आर्नोल्ड यांनी, तर इंग्रजीत केरी शेल यांनी आवाज दिला आहे.

कचरा आणि त्यावरची वस्ती

हा खेळ पाहताना मुंबईकर वाचकाला देवनारची आठवण होणे साहजिक आहे. देवनारची क्षेपणभूमी १९२७ पासून वापरात आहे आणि देशातील सर्वांत जुन्या व मोठ्या क्षेपणभूमींत तिची गणना होते. तिच्या कडेने शिवाजीनगर, बैंगनवाडी, रफीकनगर या दाट वस्त्या आहेत. येथील अनेक कुटुंबांचा चरितार्थ कचरा वेचण्यावर चालत आला आहे.

तुलना येथे उपयोगी पडते, कारण खेळाने कचऱ्यातून काय घेतले आणि काय सोडले, हे तिच्यामुळे स्पष्ट होते. डेपोनियातील कचरा हा वस्तूंचा साठा आहे. टाकलेली प्रत्येक वस्तू नव्या कामाला लागू शकते, आणि कोड्यांची सारी रचना याच विश्वासावर उभी आहे. कचरावेचकाचे कौशल्यही पाहणे आणि वेगळे करणे हेच असते. फरक इतकाच, की तो वस्तूचे नवे यंत्र करत नाही, तर प्लॅस्टिक, लोखंड, तांबे, पुठ्ठा असे प्रकार लावून ते भंगारवाल्याकडे वजनावर घालतो. खेळातून हा बाजारभावाचा भाग जवळपास गळून गेला आहे. दुर्गंधी, आजार आणि धूर यांनाही तेथे फारशी जागा नाही. कुजणाऱ्या कचऱ्यातून मिथेन वायू निघतो आणि त्यामुळे अशा जागी लागलेली आग दिवसेंदिवस धुमसत राहते. जानेवारी २०१६ च्या अखेरीस देवनारला लागलेल्या आगीचा धूर नासाच्या उपग्रहचित्रांतही दिसला होता आणि परिसरातील शाळा काही दिवस बंद ठेवाव्या लागल्या होत्या. मालिकेचा चौथा भाग त्यानंतर जेमतेम पाच आठवड्यांनी, १ मार्च २०१६ रोजी प्रकाशित झाला. हा अर्थातच योगायोग आहे. मात्र ज्याने तो धूर श्वासात घेतला आहे, त्याला खेळातील गंजक्या तपकिरी रंगांची रमणीयता थोडी परकी वाटेल.

असे असले तरी खाली माणसे नाहीत असे गृहीत धरून वर निर्णय होतात, हा खेळातील प्रसंग देवनारच्या वाचकाला समजावून सांगावा लागणार नाही.

प्रतिसाद

पहिल्या भागाचे जर्मनीत चांगले स्वागत झाले. इंग्रजी समीक्षकांचे मत संमिश्र, पण अनुकूलतेकडे झुकणारे होते. चित्रे, पार्श्वसंगीत आणि एकंदर वातावरणनिर्मिती यांची स्तुती बहुतेकांनी केली. मंकी आयलंडशी तुलनाही अनेकांनी केली. तक्रारी प्रामुख्याने तीन होत्या. काही कोड्यांचे उत्तर तर्काने सापडत नाही. कथा मध्येच तोडल्यासारखी संपते. आणि जर्मन शब्दनिष्ठ विनोद इंग्रजीत उतरताना बेचव होतो. तिसरी तक्रार भाषांतराचे काम केलेल्या कोणालाही पटेल. दुसऱ्या भागाला अधिक अनुकूल परीक्षणे मिळाली आणि २०१३ च्या जर्मन संगणकीय खेळ पुरस्कारांत तो सर्वोत्कृष्ट जर्मन खेळ ठरला.

खरा वाद तिसऱ्या भागाने उभा केला. त्यातील एका कोड्यात, हाताने फिरवायचे वाद्य वाजवून माकड नाचवणाऱ्या रस्त्यावरील खेळवाल्यासाठी, माकडाच्या जागी एका कृष्णवर्णीय स्त्री-पात्राला उभे करावे लागते. रॉक पेपर शॉटगन या ब्रिटिश संकेतस्थळावर जॉन वॉकर यांनी या प्रसंगावर आणि खेळातील स्त्रीविषयक विनोदावर अत्यंत कठोर टीका केली. इतर अनेक परीक्षणांनी मात्र याच भागाला मालिकेतील उत्तम भाग मानले. एकाच खेळाविषयी इतकी टोकाची मते पडण्याचे कारण रुफसच्या स्वभावात आहे. बचाव करणाऱ्यांचे म्हणणे असे, की रुफस हा आदर्श नाही. त्याचा स्वार्थ आणि उद्दामपणा यांचीच खेळ खिल्ली उडवतो. विरोधकांचे म्हणणे असे, की कोडे सोडवण्यासाठी खेळाडूला ती कृती स्वतः करावी लागते, दुसरा मार्ग ठेवलेलाच नसतो आणि कृती केल्यावर बक्षीस मिळते.

यांपैकी विरोधकांचा मुद्दा अधिक वजनदार वाटतो. कादंबरीत दुष्ट नायकाकडे वाचक अंतरावरून पाहू शकतो. या प्रकारच्या खेळात ते अंतर राहत नाही. शिवाय गोलचे उदाहरण पहिल्या भागापासूनच समोर आहे. कथेचा बराच काळ ती बेशुद्ध असते, तिला इकडून तिकडे वाहून नेले जाते, आणि दुसऱ्या भागात तर तिचे कोणते व्यक्तिमत्त्व जागे असावे हेही रुफसच ठरवतो. खालच्या माणसांना वरचे लोक मोजत नाहीत, हे दाखवणारा खेळ स्वतःच्या नायिकेला मोजायला विसरतो, ही त्याची मोठी उणीव आहे. त्याबरोबर हेही नोंदवायला हवे, की रुफसचे अखेरचे मागे राहणे परिणामकारक झाले आहे ते तो इतका नकोसा असल्यामुळेच.

हा शेवट अनेक चाहत्यांना रुचला नाही. मालिका तीन भागांचीच असेल असे आधी जाहीर झालेले असतानाही चौथा भाग आला. त्यात कालप्रवासाच्या युक्तीने रुफस झालेले बदलू पाहतो आणि शेवट बदलता येत नाही असेच कथा सुचवते. त्यामुळे नाराज चाहत्यांपैकी काहींचे समाधान झाले, काहींची नाराजी वाढली.

नंतरचा काळ

पहिले तीन भाग २०१४ मध्ये द कम्प्लीट जर्नी या नावाने एकत्र उपलब्ध झाले. मूळ खेळ संगणकासाठी होता. पुढे तो प्लेस्टेशन ४ आणि निन्टेन्डो स्विच यांवरही आला. डेडॅलिक २०२२ मध्ये नेकॉन या फ्रेंच कंपनीच्या ताब्यात गेली. द लॉर्ड ऑफ द रिंग्ज : गॉलम (२०२३) या तिच्या मोठ्या खेळाला अत्यंत वाईट प्रतिसाद मिळाल्यानंतर कंपनीने स्वतः खेळ तयार करणे थांबवले आणि ती केवळ प्रकाशक म्हणून उरली.