रायपूरच्या मराठी भाषकाचा भूतकाळ आणि इंग्रजी क्रियापद

छत्तीसगढात मराठी भाषा भोसल्यांच्या कारभाराबरोबर आली आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यानंतरही तेथे टिकून राहिली. रायपुरात पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी कुटुंबातील मूल घरात मराठी, बाजारात छत्तीसगढी आणि शाळेत हिंदी ऐकत वाढते. इंग्रजी त्याच्या वाट्याला बहुधा चौथी भाषा म्हणून येते. या विद्यार्थ्याच्या इंग्रजी भूतकाळातील चुकांचे खापर सामान्यतः अनियमित क्रियापदांवर फोडले जाते आणि उपाय म्हणून ‘गो, वेंट, गॉन’ असे तक्ते पाठ करून घेतले जातात. परंतु तक्ता मुखोद्गत असलेला विद्यार्थीही ‘आय डिड नॉट वेंट’ असे लिहितो. ‘वेंट’ हे रूप त्याला ठाऊक आहे, म्हणूनच तर तो ते लिहितो. ही चूक अज्ञानातून आलेली नाही. तिचे मूळ त्याच्या आधीच्या तीन भाषांत शोधले पाहिजे.

भूतकाळाच्या बाबतीत या तीन भाषांत एक मोठा भेद आहे. ‘मुलाने आंबा खाल्ला’, ‘मुलाने पोळी खाल्ली’ या मराठी वाक्यांत क्रियापद कर्माच्या लिंगवचनानुसार बदलते. हा कर्मणी प्रयोग मोरो केशव दामले यांच्या १९११ च्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’पासून अभ्यासकांच्या परिचयाचा आहे. हिंदीतही हीच रचना आहे, पण तपशिलात ती मराठीला चकवते. मराठीत ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागत नाही. हिंदीत ‘मैंने’, ‘तूने’ म्हणावेच लागते. उलट ‘मी पाणी आणले’ हे कर्मणी, तर हिंदीतील ‘मैं पानी लाया’ हे कर्तरी. मराठीतील ‘तू पोळी खाल्लीस’ हे रूप तर विलक्षणच म्हटले पाहिजे: त्यातील ईकार पोळीचा आणि सकार ‘तू’चा. माधवराव सप्रे (१८७१–१९२६) यांनी ‘दासबोध’ व ‘गीतारहस्य’ हिंदीत आणले, तेव्हा सकर्मक भूतकाळाची वाक्ये त्यांना याच अरुंद दारातून न्यावी लागली असली पाहिजेत.

छत्तीसगढी ही पूर्वी हिंदीच्या गटातील भाषा असल्यामुळे तिची वाट निराळी आहे. ‘मैं आमा खायेंव’, ‘ओ हर आमा खाइस’ या वाक्यांत क्रियापद कर्त्याच्या पुरुषाप्रमाणे चालते, कर्माकडे पाहतही नाही. कर्ता स्त्री की पुरुष याचीही त्याला दखल नाही. हीरालाल काव्योपाध्याय यांनी १८८५ मध्ये या भाषेचे व्याकरण लिहिले आणि १८९० मध्ये ग्रियर्सन यांनी ते इंग्रजीत आणले. एवढ्या जुन्या व्याकरणाची परंपरा पाठीशी असूनही छत्तीसगढीला अशुद्ध हिंदी समजण्याची सवय पुष्कळ काळ गेली नाही, हे नमूद केलेच पाहिजे.

आता इंग्रजीकडे वळल्यास गंमत अशी दिसते की, वरील सर्व भेद तेथे निरुपयोगी ठरतात. ‘एट’ हे रूप मुलालाही तेच, मुलीलाही तेच. आंब्यासाठी तेच आणि पोळीसाठीही तेच. ‘वॉज’ आणि ‘वेअर’ एवढी जोडी सोडली तर इंग्रजी भूतकाळात क्रियापद कोणाच्याच मागे जात नाही. म्हणजे ज्या ठिकाणी रायपूरच्या विद्यार्थ्याला तीन निरनिराळ्या रीती सांभाळाव्या लागल्या, तेथे इंग्रजी त्याच्याकडून फारसे काही मागत नाही.

अडचण येते ती तिन्ही भाषा एकमुखाने बोलतात तेथे. ‘मी गेलो नाही’, ‘मैं नहीं गया’, ‘मैं नइ गयेंव’: तिन्ही वाक्यांत नकार आला तरी भूतकाळ मुख्य क्रियापदावरच राहतो. प्रश्नातही तसेच, ‘तो गेला का?’ यात ‘गेला’ जागचा हलत नाही. इंग्रजीत मात्र साध्या भूतकाळाचे वाक्य नकारार्थी किंवा प्रश्नार्थक झाले की ‘डू’ हे सहायक येते, भूतकाळ स्वतःवर घेऊन ‘डिड’ होते आणि मुख्य क्रियापद ‘गो’ या मूळ रूपात परत जाते. भूतकाळ वाक्यात एकदाच सांगायचा आणि तो क्रियापदसमूहातील पहिल्या शब्दाने सांगायचा, हा तेथील नियम आहे. विद्यार्थी ‘डिड नॉट’ म्हणजे ‘नाही’ आणि ‘वेंट’ म्हणजे ‘गेलो’ असा हिशेब करतो. ‘डिड’मध्येच ‘गेलो’तील भूतकाळ निघून गेला आहे, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. तीन भाषांत भेद असता तर कदाचित त्याचे त्यालाच ते जाणवले असते. एकमत असल्यामुळे ही केवळ एक रीत आहे, हेच दिसत नाही. वस्तुतः जुन्या इंग्रजीतही ‘आय वेंट नॉट’ अशीच रचना होती. नकारातील ‘डू’चा वापर सोळाव्या-सतराव्या शतकांत वाढला. विद्यार्थ्याची चूक अगदीच परकी नाही, तीनचारशे वर्षे उशिरा आली आहे इतकेच.

दुसरे असे स्थळ परोक्तीचे. ‘सीता म्हणाली की मी उद्या येते’ या वाक्यात ‘मी’ही तिचा आणि ‘येते’ही तिचे. हिंदी आणि छत्तीसगढीतही बोलणाराचा काळ असाच अबाधित राहतो. इंग्रजी परोक्तीत ‘सेड’ या भूतकाळामागोमाग पुढील क्रियापदही सामान्यतः भूतकाळात ओढले जाते, ‘मी’ची ‘शी’ होते आणि ‘उद्या’ही दुसऱ्या दिवसात बदलतो. शालेय व्याकरणात हे रूपांतराचे नियम म्हणून घोकले जातात. पण ‘येणे’ अजून घडलेले नसताना त्याला भूतकाळाचे रूप का, हा विद्यार्थ्याचा प्रश्न रास्त असतो. मराठीत ‘ला’-‘ली’ची रूपे क्रियेच्या पूर्णत्वाशी बांधलेली आहेत. म्हणूनच ‘पाऊस आला तर जाणार नाही’ असे पुढच्या पावसाविषयीही म्हणता येते आणि दारातून बाहेर पडणारा माणूस ‘आलोच’ म्हणतो. इंग्रजी परोक्तीतील भूतकाळ क्रिया पुरी झाली का हे सांगत नाही. निवेदकाचे अंतर सांगतो.

या भेदाचा भार शाळेपेक्षाही अनुवादकावर अधिक पडतो. मराठी कथेत भूतकाळी निवेदनाच्या मधोमध पात्राचे मन वर्तमानकाळात बोलू लागते आणि वाचकाला ते सहज कळते. इंग्रजीत तो वर्तमान तसाच ठेवला तर अवतरणचिन्हे किंवा तिरपा ठसा घालून आवाज वेगळा दाखवावा लागतो. भूतकाळात नेला तर पात्राचा आवाज निवेदकाच्या आवाजात मिसळतो आणि मूळ लेखकाने निवेदक बाजूला ठेवला होता, ही गोष्ट पुसली जाते.