वसई-विरार : आरोग्याच्या गरजांची मोजणी

आरोग्याच्या गरजांचा अंदाज माणसे मोजण्यापासून सुरू होतो, आणि वसई-विरारमध्ये तो तिथेच अडखळतो. ३ जुलै २००९ रोजी वसई, विरार, नालासोपारा आणि नवघर-माणिकपूर या चार नगरपरिषदा व आसपासची गावे मिळून इथे महापालिका झाली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या सुमारे १२ लाख २२ हजार भरली. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही, चाळी आणि इमारती मात्र वाढतच राहिल्या. राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानाचा निकष ५० हजार वस्तीला एक नागरी प्राथमिक आरोग्य केंद्र असा आहे. २०११ चा आकडा धरला तर २४-२५ केंद्रे लागतात. वस्ती २० लाख धरली तर ४०. लसींच्या कुप्या, आशा कार्यकर्त्यांची पदे, औषधांची मागणी, सारे याच आकड्यावर ठरते. एखाद्या प्रभागात लसीकरण शंभर टक्क्यांच्या वर दिसू लागले, की छेदातली लोकसंख्याच कमी धरली आहे असे समजावे.

मतदार यादी, मालमत्ता कर, शिधापत्रिका यांचा आधार घेता येतो. पण भाड्याने राहणारा कामगार या तिन्हींतून सुटू शकतो. भरवशाची राहते ती आशांची घरोघरची पाहणी. पल्स पोलिओच्या फेरीत दारावर खडूने खूण करतात. जिथे बाळ भेटले नाही किंवा घर बंद होते तिथे फुलीची, आणि त्या घरी पुन्हा जावे लागते. पहाटेच्या लोकलने चर्चगेटकडे निघणाऱ्यांच्या शहरात बंद दारे पुष्कळ. रविवारी किंवा संध्याकाळी केलेली पाहणीच इथे खरी मानावी.

पुढचा टप्पा प्रभागांमधला फरक ओळखण्याचा. पश्चिमेला वसई गाव, निर्मळ, आगाशी हा जुना, स्थिरावलेला वाड्यांचा पट्टा आहे; तिथे मधुमेह, रक्तदाब आणि वृद्धांची देखभाल यांची विचारपूस आधी हवी. अर्नाळा किल्ला आणि पाणजू या बेटांवर भरतीच्या वेळी गरोदर बाईला होडीतून कसे आणायचे, हा तिथल्या नियोजनातला पहिला प्रश्न. पूर्वेला वालीव, सातिवलीच्या कारखान्यांच्या गाळ्यांत हाताच्या दुखापती, धूळ आणि क्षयरोग यांकडे पाहावे लागते.

सर्वांत दुर्लक्षित गट हंगामी आहे. दिवाळी आटोपली की जव्हार, मोखाडा, विक्रमगडकडची आदिवासी कुटुंबे वसई-भिवंडीकडच्या वीटभट्ट्यांवर आणि बांधकामांवर उतरतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. १९९२-९३ साली जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी राज्य हादरले, तोच हा पट्टा. गावच्या अंगणवाडीत तीव्र कुपोषित म्हणून नोंदलेले मूल भट्टीवर आले की दोन्हीकडच्या नोंदींतून निसटू शकते. जूनमध्ये केलेल्या पाहणीत ते कधीच दिसणार नाही. म्हणून भट्ट्या असलेल्या पूर्वेकडची मोजणी वर्षातून दोनदा झाली पाहिजे, यात तडजोड नको.

आजारांची कारणे शोधताना आरोग्य खात्याबाहेरही पाहावे लागते. शहराचे पाणी सूर्या, उसगाव आणि पेल्हारच्या धरणांतून येते. नळाला रोज पाणी नसलेल्या चाळींत दाराशी निळी पिंपे भरून ठेवलेली असतात, आणि डेंग्यूचा डास याच स्वच्छ, साठलेल्या पाण्यात वाढतो. शंभर घरांमागे किती घरांत अळ्या सापडल्या, यावरून धोका मोजतात. अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळायचा. पण पाणी नुसते ओतून भागत नाही. अंडी पिंपाच्या कडेला चिकटून महिनोन्‌महिने सुकी तग धरतात, कडा घासाव्याच लागतात. पाणीच दिवसाआड येत असेल तर चाळीतल्या बाईला पिंप रिकामे ठेवा असे सांगणे अन्यायाचे आहे. तिथे पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक हाच डेंग्यूवरचा उपाय. जुलै २०१८ च्या पुरात सखल वस्त्यांत कित्येक दिवस पाणी उभे होते. अशा पाण्यातून चालल्यावर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, म्हणून त्या वस्त्यांची यादी आणि डॉक्सिसायक्लिनचा साठा मे महिन्यातच तयार लागतो.

सरकारी नोंदवहीत शहराचे अर्धेच चित्र उमटते, कारण बरेच रुग्ण खासगी डॉक्टरकडे जातात. क्षयरोगाची नोंद खासगी डॉक्टरांनाही २०१२ पासून सक्तीची आहे. ती ‘निक्षय’ प्रणालीत होते. तापाच्या साथींसाठीही नाक्यावरच्या दवाखान्यांकडून दर आठवड्याला साधे आकडे मिळायला हवेत. ५० ते १०० घरांमागे एक महिला आरोग्य समिती, ही नागरी आरोग्य अभियानातील तरतूद इथे मोलाची आहे. दवाखाना दुपारी बंद होतो म्हणून कामावरून येणाऱ्या बाया जात नाहीत, हे कोणत्याही तक्त्यात नसते. समितीच्या बैठकीत ते पहिल्यांदा निघते.

प्राधान्य ठरवताना तीन गोष्टी पाहतात : किती जणांना त्रास, किती गंभीर, आणि हाताशी असलेल्या पैशात तो किती टळू शकतो. गंभीर रुग्ण मुंबईला हलवताना महामार्गावरच्या कोंडीत जाणारा वेळही त्यात धरावा लागतो. म्हणून अतिदक्षता आणि नवजात बालकांच्या खाटा इथेच हव्यात. गावांचा काही भाग जिल्हा परिषदेच्या केंद्रांवर, शहर महापालिकेवर, अशी विभागणी असल्याने हद्दीवरच्या वस्त्यांची जबाबदारी आराखड्यात नावानिशी लिहिलेली असावी. महापालिकेचे अंदाजपत्रक मार्चअखेर ठरते. पावसाळी साथींचा हिशेब नोव्हेंबरात आणि भट्ट्यांवरच्या मुलांची मोजणी डिसेंबरात हाती आली, तरच पुढच्या वर्षीच्या तरतुदीत त्यांना जागा मिळते.